उष्टावण आणि त्यानंतरचे अठरा महिने : महाराष्ट्रातील शिशूंच्या वरच्या अन्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मूल सहा महिन्यांचे झाले की आईच्या दुधाच्या जोडीने त्यास वरचे अन्न सुरू करावे, हे आज वैद्यकशास्त्रात सर्वमान्य झालेले तत्त्व आहे. महाराष्ट्रात या प्रसंगास 'उष्टावण' ही संज्ञा रूढ असून संस्कृत ग्रंथांत त्यास 'अन्नप्राशन' असे म्हटले आहे. मामाच्या मांडीवर बसविलेले बाळ, चांदीची वाटी आणि खिरीचा पहिला घास हे चित्र मराठी कुटुंबांना सुपरिचित आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासात या विषयाचा विचार सोळा संस्कारांपैकी एक म्हणून होतो, तर आहारशास्त्रात तो कुपोषणाचा प्रश्न म्हणून येतो. या दोन्ही दृष्टी एकत्र आणल्यास एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. ज्या समाजास सहाव्या महिन्याचे महत्त्व दोन हजार वर्षांहून अधिक काळ ज्ञात होते, त्याच समाजात सहा ते चोवीस महिने वयाची मुले अपुऱ्या आहारावर का राहिली? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. धर्मशास्त्र व आयुर्वेद या परंपरांतील शिशूच्या पहिल्या अन्नासंबंधीच्या विचारांचा आढावा घेणे.
२. औद्योगिकीकरणानंतर महाराष्ट्रातील शिशु-आहाराच्या व्यवहारात झालेल्या बदलांचा शोध घेणे.
३. शासकीय कायदे व योजना यांनी या प्रश्नाच्या कोणत्या अंगास हात घातला आणि कोणते अंग दुर्लक्षित राहिले, याची मीमांसा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्राचीन ग्रंथांतील विधाने, वसाहतकालीन अहवाल, स्वातंत्र्योत्तर कायदे आणि राष्ट्रीय पाहण्यांची प्रसिद्ध आकडेवारी यांचा आधार घेतला आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रापुरते मर्यादित असून राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय घडामोडींचा उल्लेख आवश्यक तेवढाच केला आहे.

धर्मशास्त्रातील अन्नप्राशन

आश्वलायन, शांखायन, पारस्कर आदी गृह्यसूत्रांत अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला आहे. मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात निष्क्रमण आणि सहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा क्रम असून कुलाचारानुसार बदल करण्याची मुभाही दिलेली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही सहावा महिनाच निर्दिष्ट आहे. पुढील काळातील निबंधग्रंथांत मुलासाठी सहावा, आठवा, दहावा असे सम महिने आणि मुलीसाठी पाचवा, सातवा, नववा असे विषम महिने सांगण्यात आले. आजही अनेक मराठी घरांत उष्टावणाचा दिवस ठरविताना हाच संकेत पाळला जातो. भारतरत्न डॉ. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व मतांची चिकित्सक मांडणी केली आहे.

या ग्रंथांतील पदार्थांची यादी विशेष लक्षणीय आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात दही, मध व तूप यांनी युक्त अन्नाबरोबरच, इच्छित फलानुसार बोकडाचे मांस, तित्तिर पक्ष्याचे मांस किंवा तूपभात देण्याचा विकल्प आहे. शांखायन व पारस्कर यांनी माशांचाही उल्लेख केला आहे. उत्तरकाळात हा संस्कार खिरीपुरता मर्यादित झाला आणि मूळ यादीतील वैविध्य मागे पडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना मांस, मासे अथवा अंडी रोज द्यावीत, असे सुचविले आहे. दोन्हींचे हेतू भिन्न असले, तरी शिशूच्या पहिल्या अन्नात प्राणिज पदार्थ निषिद्ध मानण्याची प्रथा गृह्यसूत्रांइतकी जुनी नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

तथापि या संस्काराच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा लिंगभेदाची आहे. मुलीच्या बाबतीत हा विधी मंत्रांवाचून करावा, असे आश्वलायनाने म्हटले आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. धर्मशास्त्राने महिना, तिथी, नक्षत्र, पदार्थ व मंत्र यांचा बारकाईने विचार केला. परंतु तो सर्व एका दिवसापुरता होता. दुसऱ्या दिवसापासून बाळास किती वेळा, किती आणि कोणी भरवावे, हा संस्काराचा विषय नव्हता. शिवाय चांदीची वाटी, पुरोहित आणि मुहूर्त यांसह होणारा हा विधी सर्व जातिवर्गांत सारख्याच स्वरूपात होत असेल, असे गृहीत धरता येत नाही.

आयुर्वेदातील क्रमविचार

धर्मशास्त्राने न हाताळलेला दैनंदिन आहाराचा विचार आयुर्वेदाच्या ग्रंथांत आढळतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न द्यावे, असे म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येऊ लागल्यावर मुलास स्तन्यापासून हळूहळू दूर करण्याचा उपदेश आहे. येथे 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण त्यात अन्नास आरंभ करणे आणि दूध सोडविणे या दोन भिन्न प्रक्रिया मानल्या आहेत.

काश्यपसंहितेचे मत याहून वेगळे आहे. नेपाळमध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून पं. हेमराज शर्मा यांच्या उपोद्घातासह १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ बालरोगविषयक आहे. त्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा दोन टप्प्यांचा क्रम दिला आहे. धान्य देताना ते जुन्या साळीचे अथवा साठीचे तांदूळ असावेत, त्यांचा कोंडा काढलेला असावा आणि ते स्नेह व मीठ घालून द्यावेत, अशा सूचना आहेत. धान्यास दहाव्या महिन्यापर्यंत थांबणे आजच्या ज्ञानानुसार उशिराचे ठरते. परंतु पहिल्या अन्नाविषयी परंपरेत एकच मत होते, असा जो सर्वसाधारण समज आहे, त्यास हा ग्रंथ छेद देतो. शास्त्रकारांमध्ये मतभेद होते, कारण ते निरीक्षणावर आधारित विचार करीत होते.

लोकव्यवहार : खिमट, पेज आणि भरवणे

ग्रंथांपलीकडे स्त्रियांच्या हाती असलेले ज्ञान पिढ्यान्पिढ्या चालत आले. तांदूळ व मुगाची डाळ भाजून, भरडून केलेले खिमट, गुरगुट्या भात, कोकणातील भाताची पेज व नाचणीचे सत्त्व, देशावरील ज्वारीच्या कण्या हे त्याचे ठळक नमुने होत. डाळ-तांदूळ एकत्र करण्यामागील प्रथिनांचे गणित आधुनिक आहारशास्त्राने पुढे स्पष्ट केले. मोड आणून दळलेल्या नाचणीचे पीठ शिजल्यावर फार दाटत नाही, त्यामुळे तेवढ्याच पेजेत अधिक पीठ मावते व बाळाच्या लहानशा पोटात अधिक ऊर्जा जाते, हेही आता सिद्ध झाले आहे. याउलट केवळ वरणाचे पाणी किंवा पातळ पेज देण्याची प्रथा पोषणाच्या दृष्टीने अपुरी ठरते. कारण तिने पोट भरते, परंतु गरज भागत नाही. लोकज्ञानात उपयुक्त आणि अपायकारक असे दोन्ही प्रवाह होते, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मराठी भाषेत या व्यवहारासाठी 'भरवणे' हे स्वतंत्र क्रियापद आहे. खाऊ घालणे आणि भरवणे यांत अर्थभेद आहे. भरवण्यात समोर बसलेली व्यक्ती, तिचा हात, तिची चिकाटी आणि चिऊ-काऊच्या घासाचे आमिष हे सर्व अभिप्रेत असते. बाळाचा कल पाहून, न रागावता, संथपणे अन्न देणे यास आधुनिक बालआरोग्यशास्त्रात अन्नाइतकेच महत्त्व दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आईचे दूध चालू असलेल्या बाळास वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या काळात दररोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या काळात ३०० आणि बारा ते तेवीस महिन्यांच्या काळात ५५० उष्मांकांची गरज असते. ही गरज दिवसातून दोन-तीन आणि पुढे तीन-चार वेळा भरवूनच भागते. म्हणजेच शिशूचा आहार ही केवळ धान्याची बाब नसून वेळेची व श्रमाचीही बाब आहे. नेमके हेच सूत्र औद्योगिक काळात तुटले.

गिरणगाव : तुटलेली वेळ आणि बाळगोळी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि कोकण व देशावरून आलेल्या स्त्रियाही त्यांत कामास लागल्या. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. गावाकडे शेतावर जाणाऱ्या स्त्रीचे मूल सासू, नणंद वा थोरली मुलगी सांभाळीत असे. चाळीतील एका खोलीच्या संसारात हा आधार अनेकदा नव्हता. दिवसभर यंत्रावर उभ्या असणाऱ्या आईस बाळास तीन-चार वेळा भरविणे शक्य नव्हते.

मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांच्या १९२२ च्या अहवालात याचे विदारक चित्र उमटले आहे. कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के बालकांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. अफूयुक्त 'बाळगोळी' दिल्यावर मूल आई परत येईपर्यंत निजून राही. निजलेले मूल भूक लागली म्हणून रडत नाही, हाच त्या गोळीचा उपयोग होता. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यूंची नोंद झाली. बाळंतपणासाठी गावी जाणाऱ्या स्त्रियांमुळे शहरात जन्मांची नोंद कमी होत असल्याने हा आकडा फुगलेला आहे, हे मान्य करूनही त्याची भीषणता कमी होत नाही. या मृत्यूंमागे दाटीवाटीची वस्ती, दूषित दूध व साथीचे रोग अशी अनेक कारणे होती. बाळगोळीची प्रथा मातेच्या अज्ञानाची वा निष्ठुरतेची खूण म्हणून अनेकदा सांगितली गेली. वास्तविक ज्या आईला भरवण्यास वेळ उरला नाही, तिने गाठलेला तो अखेरचा मार्ग होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या पार्श्वभूमीवर मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयक आले. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा देणारे भाषण केले. १९२९ मध्ये संमत झालेला मुंबई प्रसूती लाभ कायदा हा या स्वरूपाचा भारतातील पहिला कायदा होय. त्यानुसार प्रसूतीपूर्वी तीन व प्रसूतीनंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे या दराने लाभ मिळू लागला. हा कायदा युगप्रवर्तक होता; परंतु त्याने दिलेला काळ बाळंतिणीच्या विश्रांतीपुरता होता. वरचे अन्न सुरू होण्याच्या किती तरी आधीच आई पुन्हा यंत्रापाशी उभी राहत असे.

डब्यातील आहार आणि कायद्याचे नियमन

विसाव्या शतकात या पोकळीत कंपन्यांचे शिशु-आहार आले. ग्लॅक्सोचे दुधाचे डबे आणि पुढे फॅरेक्ससारखा धान्याचा तयार आहार शहरी मध्यमवर्गात प्रतिष्ठित झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशूंसाठी भुकटी करण्याचे तंत्र विकसित केले आणि १९६० मध्ये अमूलने ती बाजारात आणली. परकीय मालास देशी पर्याय म्हणून या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र डबाबंद आहाराबरोबर आलेल्या जाहिरातींनी घरच्या अन्नाविषयीचा मातांचा आत्मविश्वास कमी केला. गरीब घरांत महागडी भुकटी पुरवून वापरण्यासाठी अधिक पाणी घालून पातळ केली जाई, आणि पाणी दूषित असल्यास अतिसाराचा धोका वाढे.

या प्रश्नावर जगभर झालेल्या चळवळींनंतर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधास पर्यायी पदार्थांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारतात १९९२ मध्ये शिशु-दुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशु-आहार यांचे नियमन करणारा कायदा झाला. मूळ कायद्यात शिशु-आहाराची व्याख्या चार महिन्यांनंतरचा आहार अशी होती. २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस केल्यानंतर २००३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा सहा महिने करण्यात आली. आधुनिक विज्ञान अशा रीतीने गृह्यसूत्रांच्या व सुश्रुताच्या महिन्यापाशी येऊन पोहोचले; तथापि हे साम्य निष्कर्षाचे आहे, त्यामागील पद्धतीचे नव्हे. नियमनाचा प्रश्न त्यानंतरही संपला नाही. २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने प्रसिद्ध केलेल्या तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये प्रत्येक वेळच्या आहारामागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम अतिरिक्त साखर आढळल्याचे नमूद केले होते.

अंगणवाडी आणि घरपोच आहार

शासनाच्या प्रयत्नांचा केंद्रबिंदू अंगणवाडी हा आहे, आणि ही संकल्पना महाराष्ट्राची देणगी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने केलेल्या कार्यात शाळाच मुलांच्या अंगणात नेण्याचा विचार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हे नाव देशभर नेले. परंतु अंगणवाडीत येऊन बसणारे मूल तीन ते सहा वर्षांचे असते. सहा महिन्यांचे बाळ स्वतः चालत येत नाही. त्यामुळे ज्या वयात पोषणाची घसरण सर्वाधिक होते, त्या वयाची मुले प्रत्यक्षात योजनेच्या कडेला राहिली.

त्यांच्यासाठी घरपोच आहाराची पाकिटे आली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या मूळ अनुसूचीत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांच्या घरपोच आहाराची तरतूद होती. महाराष्ट्रात हा आहार कोणी तयार करावा, मोठ्या पुरवठादारांनी की स्थानिक महिला बचत गटांनी, हा वाद दीर्घकाळ चालला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची राज्याची निविदा प्रक्रिया रद्द ठरविली. या संपूर्ण वादात पाकीट कोणाचे, हा प्रश्न अग्रभागी होता. पाकीट घरी आल्यावर ते शिजवून बाळास भरविणार कोण, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

याउलट ज्या प्रयोगांनी मनुष्यबळाचा विचार केला, त्यांचा अनुभव आशादायक आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. बाळाला काय व कसे भरवावे, हे शेजारची बाई सांगू लागली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने पहिल्या दोन वर्षांच्या वयावर लक्ष केंद्रित केले. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात दोन वर्षांखालील ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या राज्यस्तरीय पोषण पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे आढळले. परंतु पुढे २०१५-१६ व २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ३४.४ व ३५.२ टक्के नोंदले गेले. वयोगट भिन्न असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि सुधारणा पुढे थबकली, हे या दोन पाहण्यांवरून दिसते. याच पाहण्यांनुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण ९.६ टक्क्यांवरून अवघ्या ११.३ टक्क्यांपर्यंत गेले. महाराष्ट्रात ते दोन्ही वेळी दहा टक्क्यांच्या आतच होते.

रजा आणि वरचे अन्न यांतील विसंगती

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही कायम ठेवण्यात आली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. केवळ स्तनपानाच्या काळाशी ही मुदत जुळते, हे स्वागतार्हच आहे. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, ज्या दिवशी बाळाचे उष्टावण होते, त्याच सुमारास आईची रजा संपते. प्रसूतीपूर्वी काही आठवडे रजा घेतली असल्यास ती त्याआधीच संपते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद याच दुरुस्तीने केली. तथापि असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रियांपर्यंत रजा व पाळणाघर यांपैकी काहीही पोहोचलेले नाही. मराठवाड्यातून ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हंगामाचे अनेक महिने आई फडात असते, बाळ फडाच्या कडेला असते आणि ज्या अंगणवाडीत त्याचे नाव असते ती गावी राहते.

निष्कर्ष

१. शिशूचे पहिले अन्न केव्हा द्यावे, याबाबत धर्मशास्त्र, आयुर्वेदातील मुख्य प्रवाह आणि आधुनिक वैद्यक यांचे मत बव्हंशी जुळते. महाराष्ट्रातील समस्या आरंभाच्या महिन्याविषयीच्या अज्ञानाची नाही.
२. परंपरेने उष्टावणाचा एक दिवस निश्चित केला. त्यापुढील अठरा महिन्यांचा भार मात्र घरातील स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर सोपविला. एकत्र कुटुंबात हा भार वाटला जाई. स्थलांतर व मजुरी यांमुळे तो एकट्या आईवर आला.
३. बाळगोळी, डबा आणि पाकीट यांची नैतिक प्रतवारी अर्थातच एक नाही. परंतु तिन्ही गोष्टी एकाच पोकळीत आल्या. भरवणाऱ्या हाताची अनुपस्थिती ही ती पोकळी होय.
४. आहाराचा पुरवठा आवश्यक असला, तरी पुरेसा नाही. कामाच्या ठिकाणी व वस्तीत पाळणाघरे, स्थलांतरित कुटुंबांसोबत जाणारी अंगणवाडी आणि पित्यासह इतरांचा भरवण्यातील सहभाग यांचा विचार पोषणधोरणाच्या केंद्रस्थानी येणे गरजेचे आहे.

बार्न्स यांच्या अहवालास आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्या काळची बाळगोळी गेली, तरी तिने झाकलेला प्रश्न अद्याप पूर्णतः सुटलेला नाही. शिशु-आहाराच्या इतिहासाची मांडणी यापुढे धान्य, संस्कार व उत्पादने यांच्या जोडीने मातेच्या वेळेचा इतिहास म्हणूनही व्हावी, हे या अभ्यासाचे प्रतिपादन आहे.